परीक्षेसाठी राखलेले पाणी

“सोमवार दुपारपर्यंत या पाण्याला कोणी हात लावायचा नाही,” डॉ. नेर्लेकर म्हणाले आणि अकरा नंबरच्या खाटेवरील माणसाच्या उघड्या पाठीवर, दुकानदार कलिंगडावर मारतो तशी, त्यांनी समाधानाची टिचकी मारली.

ज्याच्या छातीत ते पाणी होते तो माणूस मान वळवून म्हणाला, “म्हंजे माझ्या छातीतल्या पान्यावर माझाच ताबा न्हाई?”

“तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, साळोखे.”

“प्रश्न दिवसांचा न्हाई, सायब. हक्काचा हाय.”

डॉ. नेर्लेकर हसले. रुग्णांचे बोलणे ते नेहमी हसून ऐकत. त्यामुळे त्याला उत्तर देण्याची वेळ येत नसे. मग ते माझ्याकडे वळले. “उमराणीकर, हा शुक्रवार. सोमवारी परीक्षा. असे पाणी दहा वर्षांत एकदा मिळते. सांभाळा.”

ही १९७९ च्या एप्रिलमधली गोष्ट. एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मी तेव्हा तीन महिन्यांचा हाउसमन होतो. म्हणजे वॉर्डात प्रत्येक गोष्टीची जबाबदारी माझी आणि कोणत्याही गोष्टीचा अधिकार माझा नव्हे. एम.डी.च्या दोन जागा डॉ. नेर्लेकरांच्या हातात होत्या आणि त्यांच्याकडे आशेने पाहणारे आम्ही तिघे होतो. हे गणित मी रोज सकाळी दाढी करताना सोडवीत असे, आणि उत्तर रोज तेच येई.

एम.बी.बी.एस.च्या अंतिम परीक्षेची पद्धत अशी की विद्यार्थ्याला खरा रुग्ण दिला जातो. त्याने तो दहा मिनिटे तपासून परीक्षकांना निदान सांगायचे. त्यासाठी ठळक लक्षणांचे रुग्ण लागतात. ते परीक्षेपूर्वी महिनाभर हेरून ठेवले जात, त्यांना बरी खाट आणि जादा अंडे मिळे, आणि परीक्षा होईपर्यंत ते बरे होणार नाहीत अशी काळजी घेतली जाई. पुस्तकात हे कुठे लिहिलेले नाही. पण परीक्षेच्या मोसमात रुग्ण अकाली बरा होणे हा आमच्या खात्यात गैरशिस्तीचा प्रकार मानला जात असे.

अनंत यशवंत साळोखे हे त्या वर्षीचे आमचे रत्न. तालुका कोर्टात चौतीस वर्षे बेलीफ. समन्स बजावणे आणि जप्तीचे सामान घराबाहेर काढणे यात हयात गेलेली. क्षयाने उजव्या फुप्फुसाभोवती पाणी साचलेले. तीन आठवड्यांत त्यांनी चार तक्रारअर्ज दिले होते: एक चहाविरुद्ध, एक पंख्याविरुद्ध, एक शेजारच्या खाटेच्या घोरण्याविरुद्ध आणि एक माझ्याविरुद्ध. माझ्याविरुद्धच्या अर्जात म्हटले होते की, ‘सदर डॉक्टर सुई टोचतेवेळी आपले तोंड पलीकडे फिरवितात.’ हे खरे होते.

रोज विद्यार्थ्यांचे थवे येऊन त्यांची पाठ बोटांनी ठोकून जात. ते ऐकून ऐकून साळोख्यांना स्वतःची सगळी लक्षणे पाठ झाली होती, आणि कोणी नवशिका खाटेजवळ आला की समन्स वाचून दाखवावे तशी ते ती दबक्या आवाजात वाचून दाखवीत. “मजकूर इसमाच्या छातीत उजव्या बाजूस पानी आहे. ठोकता दगडासारखा आवाज येतो. श्वासनळी डावीकडे सरकली आहे. सबब निदान करावे.” याबद्दल ते कोणाकडून काही घेत नसत. “माझ्यापायी कुनाचं वरीस वाया जाऊ नये,” असे म्हणत.

ज्यांचे वर्ष वाया जाऊ शकत होते त्यांत मंदाकिनी धायगुडे होती. ती माझ्याच वर्गातली. मी पास होऊन, इंटर्नशिप संपवून हाउसमन झालो, तरी ती अजून मेडिसिनच्या प्रात्यक्षिकात अडकलेली. दोनदा नापास झाली होती आणि मध्ये एकदा कावीळ झाल्यामुळे बसलीच नव्हती. तिचा दोष असा की जे ऐकू येत नाही ते ऐकू येते असे तिला म्हणता येत नसे. डॉ. नेर्लेकरांना ऐकू येणारी हृदयातली कुजबुज वर्गातल्या चाळीसही जणांना ऐकू येई. मंदाकिनीला येत नसे, आणि ती तसे सांगे.

त्याच शुक्रवारी कॅन्टीनमध्ये ती म्हणाली, “कान तपासून आले रे. कान ठणठणीत आहेत म्हणे.”

“मग झालं तर.”

“झालं कसं? कान चांगले आणि ऐकू येत नाही, म्हणजे दोष आत आहे. या खेपेला नापास झाले तर मान्यच करणार आहे मी. आपल्याला जे कळतं ते बरोबर नसतं, असं धरून चालायचं. इतर लोक म्हणतील ते लिहायचं.”

“शास्त्रज्ञ असं बोलत नाहीत,” मी म्हणालो.

“शास्त्रज्ञ पास झालेले असतात,” ती म्हणाली.

रविवारी दुपारी साडेतीन वाजता साळोख्यांना दम लागला. उशीला पाठ टेकवेना, वाक्य पुरे होईना. आणि ज्या दिवशी साळोख्यांचे वाक्य पुरे होत नाही त्या दिवशी प्रकृती गंभीर आहे हे ओळखण्यासाठी पदवी लागत नव्हती. मी डॉ. नेर्लेकरांच्या घरी फोन केला. त्यांच्या पत्नीने सांगितले की ते विश्रामगृहावर गेले आहेत. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना मच्छरदाणी दोरीची चालते की दांड्यांची लागते, याचा उलगडा व्हायचा होता. विश्रामगृहाचा फोन बंद होता.

मी रजिस्ट्रारकडे, म्हणजे वॉर्डातल्या वरिष्ठ डॉक्टरकडे, गेलो. श्रीरंग गुंजीकर माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आणि धोका टाळण्यात तीस वर्षांनी.

“एक ग्लासभर काढ,” तो म्हणाला. “दम कमी होईल आणि पाणीही राहील. ग्लासभराने लक्षणं बदलत नाहीत.”

“आणि सर?”

“सरांना सांगायचंच कशाला? ग्लासभर पाणी म्हणजे काय, पाहुण्यालाही देतो आपण.”

मी साळोख्यांना खाटेवर बसवून पुढे उशीवर ओणवे केले, पाठीत जागा बधिर केली आणि सुई आत घातली. या वेळी तोंड फिरवले नाही. पेंढ्याच्या रंगाचे स्वच्छ पाणी आले. पन्नास मिलीलिटरची सिरिंज भरायची, बाटलीत रिकामी करायची, पुन्हा लावायची. साळोखे मोठ्याने मोजू लागले. सहा झाल्या, तेव्हा त्यांना बोलण्याइतका श्वास आला होता. मी थांबलो. ही माझी चूक झाली. तो श्वास त्यांनी माझ्याविरुद्ध वापरला.

“थांबला का?”

“पुरे आजच्यापुरते.”

“आत अजून हाय?”

“आहे.”

“मग काढा की! घरातलं अर्धं सामान भाईर काढून बेलीफ माघारी जात न्हाई. अर्धवट जप्ती कुठल्या कायद्यात बसती?”

“सरांची आज्ञा आहे, साळोखे. उरलेलं उद्या परीक्षेनंतर.”

“लेखी हाय आज्ञा?”

आज्ञा लेखी नव्हती.

“लेखी न्हाई, तर आज्ञाच न्हाई. चौतीस वर्सं हेच काम केलंय मी. ह्यो बघा, मी उठतो. असाच सुईसकट व्हरांड्यात जातो. लोकांस्नी सांगतो, ह्यांनी माझं निम्मं पानी दाबून ठेवलंय.”

आणि खरोखरच त्यांनी एक पाय खाली सोडला. छातीत सुई असलेला माणूस चालू लागला तर काय होते, हे मला पुस्तकावरून माहीत होते. एका वेळी लिटरभराहून अधिक पाणी काढू नये, हेही त्याच पुस्तकात होते. पुस्तक आणि बेलीफ यांच्यात मी बेलीफाचा मान राखला.

“सात,” साळोखे समाधानाने म्हणाले आणि पाय वर घेतला.

चोविसावी सिरिंज अर्धीच भरली. त्यांना खोकला आला, म्हणजे दबलेले फुप्फुस पुन्हा फुगून जागेवर आले होते. मी सुई काढली, टिंक्चर बेंझॉइनमध्ये भिजवलेल्या कापसाचा रुपयाएवढा बोळा भोकावर चिकटवला आणि केसपेपरवर नोंद केली: ‘२२ एप्रिल, दुपारी ४. पाणी सुमारे १२०० मिलीलिटर काढले. रुग्णास आराम.’ नंतर ठोकून पाहिले. उजवी बाजू डावीइतकीच पोकळ वाजत होती. श्वासाचा आवाज तळापर्यंत स्पष्ट. दहा वर्षांत एकदा मिळणारे ते निदान खाटेखालच्या बाटलीत होते.

“किती काढलंस?” गुंजीकरने विचारले.

“बाराशे.”

“तुमच्या घरी पाहुण्यांना केवढे ग्लास देतात रे?”

“आता काय करू?”

“काही नको. परीक्षा सुरू होण्यापूर्वी दोन्ही परीक्षकांनी प्रत्येक रुग्ण स्वतः तपासून लक्षणं ठरवायची असा विद्यापीठाचा नियम आहे. सकाळी ते तपासतील, पाणी नाही हे त्यांनाच कळेल, ते रुग्ण बदलतील. आपण कशाला मध्ये पडा?”

नियमांवर माझा तेव्हा विश्वास होता. एरवी प्रयोगांनी सिद्ध झालेल्या गोष्टींवरही मी सहजी विश्वास ठेवीत नसे; हा अपवाद.

सोमवारी सकाळी बाहेरचे परीक्षक डॉ. शेवडे आले ते थेट नाश्त्यावर. उपमा होता, शिरा होता, आणि मच्छरदाणी चांगली निघाल्याबद्दल उभयपक्षी आभार होते. सव्वाआठला डॉ. नेर्लेकरांनी टंकलिखित यादी पुढे केली: खाट क्रमांक, लक्षणे, निदान. खाली दोन सह्यांच्या जागा.

“एकदा बघून येऊ या का?” डॉ. शेवड्यांनी विचारले.

“तुमची इच्छा असेल तर अवश्य,” डॉ. नेर्लेकर म्हणाले. “शिरा गार होईल एवढेच.”

डॉ. शेवड्यांनी सही केली.

मी पुढे झालो. “सर, ते अकरा नंबरचे साळोखे—”

“उमराणीकर, साळोख्यांचा चहा झाला का ते बघा. आज त्यांनी चिडायला नको.”

“सर, पण—”

“चहा, उमराणीकर.”

मी चहा बघायला गेलो. मला बोलू दिले नाही, असे मी पुढे अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो. जाताना मला हलके वाटले होते, हे मात्र सांगत नसे.

साळोखे दाढी करून, धुतलेला सदरा घालून साक्षीदारासारखे ताठ बसले होते. मी खाली वाकून म्हणालो, “साळोखे, आज मुलांना काही सांगू नका. पाणी काल काढलंय ना आपण.”

“ते काल,” ते म्हणाले. “यादीत काय हाय? यादीत पानी हाय. समन्स निघाल्यावर मजकूर बदलत न्हाई.”

अकरा नंबरला पाच उमेदवार नेमले होते. हातोडी, मोजपट्टी आणि टॉर्च यांचा ट्रे घेऊन मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. दोन्ही परीक्षक समोर खुर्च्यांवर.

पहिला उमेदवार आला, साळोखे त्याच्या कानाशी कुजबुजले, आणि त्याने आत्मविश्वासाने ठोकले. “उजव्या बाजूला पाणी, सर. दगडासारखा बद्द आवाज.” डॉ. नेर्लेकर डॉ. शेवड्यांकडे पाहून किंचित मान हलवते झाले. दुसऱ्याला शिवाय श्वासनळी डावीकडे सरकलेली लागली. तिसऱ्याने उजवीकडे श्वासाचा आवाज मुळीच नाही असे सांगितले. साळोखे त्या वेळी दीर्घ श्वास घेत होते आणि तो मला खाटेच्या पायथ्याशी ऐकू येत होता. चौथ्याने पाण्याची नेमकी पातळी काढली, खडूने पाठीवर रेघ मारली आणि वरच्या कडेला बोलण्याचा आवाज शेळीच्या ओरडण्यासारखा ऐकू येतो, हेही नमूद केले. हे लक्षण फार सूक्ष्म असते. डॉ. शेवडे खूश झाले.

“मुलांची तयारी उत्तम आहे तुमच्या,” ते म्हणाले.

“हात चांगले बसलेत त्यांचे,” डॉ. नेर्लेकर म्हणाले.

त्या चारही चांगल्या हातांनी पाठीवरच्या तपकिरी बोळ्याला, चौकातल्या पुतळ्याला घालावा तसा, आदराने वळसा घातला होता.

पाचवी मंदाकिनी. साळोख्यांनी तिलाही सारा मजकूर ऐकवला. तिने तो ऐकला, मान डोलावली आणि ठोकायला सुरुवात केली. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मग स्टेथोस्कोप. मग पुन्हा बोटे. दहातली नऊ मिनिटे गेली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

“सांगा,” डॉ. नेर्लेकर म्हणाले. “घाई नाही. तुम्हाला आमच्याकडे सवयीचं आहे सगळं.”

“सर, माझ्या मते पाणी नाही.”

“बाई!” साळोखे तोंडातल्या तोंडात म्हणाले. “पानी म्हना की!”

“रुग्णाने बोलू नये,” डॉ. नेर्लेकर म्हणाले. “पाणी नाही?”

“दोन्ही बाजू सारख्या वाजतात. श्वास तळापर्यंत ऐकू येतो.”

“तुमच्या आधी चौघांनी तपासलं. चौघांना बद्द वाजलं.”

ती थांबली. तिने साळोख्यांच्या पाठीकडे पाहिले, मग आपल्या बोटांकडे. एक क्षण मला वाटले, आता ती म्हणेल. मी ट्रे धरून उभा होतो आणि तिने ‘पाणी आहे’ म्हणावे अशी मनापासून इच्छा करीत होतो. खोट्याची इतकी निकड मला त्यापूर्वी कधी वाटली नव्हती.

“मला पोकळ वाजतं, सर,” ती म्हणाली. “इथे सुईची ताजी खूण आहे. पाणी होतं, असं मी म्हणू शकते. आहे, असं म्हणता येत नाही.”

घंटा झाली. “ठीक. या तुम्ही,” डॉ. नेर्लेकर म्हणाले. ती गेली.

डॉ. शेवडे खुर्चीवरून उठले. केवळ कुतूहलाने, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते, त्यांनी साळोख्यांच्या पाठीवर बोट ठेवले आणि त्यावर ठोकले. त्यांनी पुन्हा ठोकले. मग ते अत्यंत सावकाश परत खुर्चीवर बसले.

“उमराणीकर,” डॉ. नेर्लेकर म्हणाले.

“निदानासाठी, सर,” मी म्हणालो. “दहा मिलीलिटर. प्रयोगशाळेत पाठवायला.”

“धा?” साळोखे ताडकन म्हणाले. “चोवीस पिचकाऱ्या! मोजून घेतल्यात मी. रविवारी चार वाजता. बाटली खाली हाय, मुद्देमाल बघा!”

कोणी मुद्देमाल बघितला नाही. वॉर्डातला पंखा, ज्याच्याविरुद्ध अर्ज होता, तेवढा आवाज करीत राहिला.

दोन्ही परीक्षक ड्यूटीरूममध्ये गेले आणि मला दाराशी उभे राहण्यास सांगण्यात आले. दार लागत नसे, त्यामुळे मी सर्व ऐकले.

“पाचवी मुलगी बरोबर आहे,” डॉ. शेवडे म्हणाले.

“आपण सव्वाआठला सही केली आहे की पाणी आहे,” डॉ. नेर्लेकर म्हणाले. “तपासून.”

“तपासून,” डॉ. शेवड्यांनी दीर्घ श्वास सोडला. “पाचही जणांना पास करू या मग.”

“एकाच छातीत पाणी आहे आणि नाही, या दोन्हींना गुण देऊन? विद्यापीठ विचारील. चौघांना नापास केलं तरी विचारील.”

“आणि हिला?”

“हिला केलं तर कोण विचारणार आहे? हिला सवय आहे.”

मग डॉ. शेवड्यांनी विचारले, “परतीची गाडी चारचीच आहे ना?”

विज्ञानात मतदान नसते, असे मी मानत आलो होतो. चार विरुद्ध एक असा निकाल लागला.

डॉ. नेर्लेकर बाहेर आले, तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा होता; त्यात राग मुळीच नव्हता, आणि तो असता तर बरे झाले असते. “उमराणीकर, अकरा नंबरच्या केसपेपरवर तारीख चुकली आहे. पाणी आज काढलं. परीक्षेनंतर. दुरुस्त करा.” दोन पावले जाऊन ते थांबले. “जूनमध्ये तुमच्या अर्जाचं बघू आपण. मला विसर पडू देऊ नका.”

मी खाटेजवळ जाऊन केसपेपर घेतला. दोनाचा तीन करायला फार काही लागत नाही. साळोखे माझ्या हाताकडे बघत होते.

“तारीख फिरवता?”

मी पेनचे टोपण काढले.

“फिरवा. मी बी फिरवलीया कैक वेळा,” ते म्हणाले. आवाज तक्रारीचा नव्हता. एका खात्याचा माणूस दुसऱ्या खात्याच्या माणसाशी बोलतो तसा होता. “समन्स बजावलं नसंल, तर मागची तारीख टाकून बजावलं म्हनायचं. वरचा सायब सांगायचा, मी टाकायचो. पर डाक्टर, त्यात एक व्हतं. ज्याच्या नावचं समन्स, त्यो घरी येऊन मला इचारायचा. ‘बेलीफ, खरं सांगा, कवा आला व्हता?’ ते लई वंगाळ.”

“मग काय सांगायचात?”

“काय सांगनार? कागद म्हनतो तेच.”

गुंजीकरने त्यांना तीन वाजता घरी सोडले. तीन आठवडे मागूनही न मिळालेली रजा त्यांना तीन मिनिटांत मिळाली. गडबडीत नोंदीतली वेळ बदलायची राहून गेली. त्यामुळे कागदोपत्री अनंत यशवंत साळोखे सोमवारी तीन वाजता घरी गेले आणि चार वाजता रुग्णालयात त्यांच्या छातीतून बाराशे मिलीलिटर पाणी काढण्यात आले. ही विसंगती आजवर कोणाच्याही लक्षात आलेली नाही.

पाचच्या सुमाराला मंदाकिनी ड्यूटीरूममध्ये आली. दारातून आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली.

“निकाल नको सांगूस,” ती म्हणाली. “तो मला नेर्लेकरांच्या तोंडावर दिसला. एवढंच सांग, त्या माणसाच्या छातीत सकाळी पाणी होतं का?”

खोलीत आम्ही दोघेच होतो. केसपेपर कपाटात बंद होता आणि साळोखे एव्हाना एस.टी.त. ती काही लेखी मागत नव्हती. ती कुठे जाणार नव्हती, कोणाला सांगणार नव्हती. तिचा स्वभाव मला सहा वर्षे ठाऊक होता.

“होतं,” मी म्हणालो.

“आणि ती खूण?”

“दहा मिलीलिटर काढलं होतं. तपासायला.”

तिने मान डोलावली. मग डाव्या हाताचे मधले बोट टेबलावर ठेवून त्यावर दुसऱ्या हाताने ठोकले. टेबल वाजले तसे वाजले. तिने बोट उचलून कपाटाच्या दारावर ठेवले आणि तिथेही ठोकले.

“मला पोकळ वाजलं होतं रे,” ती म्हणाली. “अगदी स्पष्ट.”

“होतं असं कधीकधी.”

“हो,” ती म्हणाली. “होत असेल.”

ती उठली, खुर्ची सरळ केली आणि गेली. तारीख बदलायला मला वरिष्ठांनी सांगितले होते. हे उत्तर द्यायला कोणी सांगितले नव्हते.

ऑक्टोबरमध्ये ती पास झाली. तिला मिळालेला रुग्ण पक्षाघाताचा होता; त्यात ऐकण्यासारखे काही नसते. तिने एका तालुक्याच्या गावी दवाखाना घातला. मी डॉ. नेर्लेकरांच्याच हाताखाली एम.डी. झालो, पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी छातीच्या विकारांचा तज्ज्ञ म्हणून बसलो, आणि अठ्ठावीस वर्षे तिचे रुग्ण माझ्याकडे येत राहिले. चिठ्ठी घडी करून रुग्णाच्या खिशात दिलेली असते. अक्षर तेच, बारीक आणि सरळ: ‘उजवीकडे मागे, चौथ्या बरगडीपर्यंत पाणी असावे असे वाटते. माझ्या ठोकण्यावर विसंबू नये. कृपया फोटो काढून खात्री करावी.’

मी फोटो काढतो. पाणी असते, चौथ्या बरगडीपर्यंत. अशा चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. गेल्या महिन्यात एकशे एकोणचाळीस झाल्या. त्यांतली एकही चुकलेली नाही. फोटोआधी बरगडी सांगणे मला स्वतःला इतक्या वेळा जमलेले नाही.

दर वेळी मी उलट टपाली कळवतो, ‘आपले निदान अचूक आहे.’ पुढच्या रुग्णाच्या खिशातल्या चिठ्ठीत पुन्हा असते: ‘माझ्या ठोकण्यावर विसंबू नये.’